टाके निघाल्यानंतर

पत्र्यानं कापलं की जखम फाटकी, वेडीवाकडी दिसते आणि बघणाराच घाबरतो. काचेचं तसं नाही. काचेची धार इतकी बारीक असते की कातडीवर जेमतेम पेराएवढी चीर दिसते, कडा सरळ, आणि रक्त थांबलं की वाटतं, एवढंच तर आहे. पण पडताना माणसाचं सगळं वजन त्या धारेवर आलेलं असतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडीपासून फार खोल नाही, अशा इवल्या जागेत हाताला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या असतात, बोटं मिटवणाऱ्या कंडरा असतात आणि हाताला स्पर्श आणि ताकद देणाऱ्या दोन मोठ्या नसा असतात. चीर दोन सेंटिमीटरची असली तरी यातलं काहीही, किंवा सगळंच, तुटलेलं असू शकतं. म्हणून काचेच्या जखमेत चिरेची लांबी बघून काही कळत नाही. तिच्या पलीकडची बोटं बघावी लागतात.

माझी चीर उजव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. सरकारी दूध तेव्हा काचेच्या बाटल्यांतून यायचं. पहाटे दुधाचं कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावर रांग लावायची आणि भरलेल्या बाटल्या घेऊन परतायचं. १९७९च्या पावसाळ्यात चाळीच्या ओल्या जिन्यावर माझा पाय घसरला, बाटली माझ्या आधी पडली आणि सावरायला टेकलेला हात तिच्या फुटक्या बुडावर गेला. शाळकरी वय होतं.

जवळच्या दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं गेलं. टाके निघाले तेव्हा जखम सुरेख भरली होती आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी ‘थोडक्यात निभावलं’ म्हणून सुस्कारा सोडला. पण त्या सगळ्या दिवसांत ‘बोटं पसरून दाखव’ असं मला कुणीही म्हटलं नाही. डोळे मिटायला लावून कुठल्या बोटाला हात लावतोय हे विचारलं नाही. करंगळीला मुंग्या येतात म्हटलं, तर सूज आहे, उतरली की जातील, असं उत्तर मिळालं. याचा राग मला आजही येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटत नाही. दोन मिनिटांची तपासणी होती ती.

दिवाळीत रांगोळीची चिमूट धरवेना. रेघ मध्येच तुटायची, नाहीतर भसकन रांगोळी सांडायची. तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं आणि हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, जिथे मुठीत गुबगुबीत उंचवटा येतो तिथे खड्डा पडला होता. तुटली होती ती अल्नर नस. हाताच्या पंजातले बहुतेक लहान स्नायू तिच्याच हुकमावर चालतात. बोटं एकमेकांपासून लांब करणं, परत जवळ आणणं, अंगठा तर्जनीच्या कडेला घट्ट दाबणं, ही सगळी कामं त्यांची. कोपराला धक्का लागल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती हीच नस. आणि हिची एक विचित्र गोष्ट आहे. कोपराजवळ तुटली तर बोटं कमी वाकडी होतात, मनगटाजवळ तुटली तर जास्त. मनगटाजवळ तुटल्यावर कोपराखालचे, बोटं वाकवणारे मोठे स्नायू शाबूत राहतात. ते ओढत राहतात आणि त्यांना अडवणारे पंजातले लहान स्नायू मेलेले असतात, म्हणून बोटं आत खेचली जातात.

वाकडी झालेली बोटं, त्यांत बधिरपणा. आपल्याकडे हे दोन शब्द एकत्र आले की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच रोग येतो. चाळीतल्या नळावर बायका माझ्या हाताकडे बघून कुजबुजायला लागल्या. एका मैत्रिणीच्या आईनं तिला माझ्या डब्यातलं खाऊ नको म्हणून सांगितलं. कुष्ठरोग याच नसेला धरतो आणि हाताचा असाच पंजा करतो, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. तेव्हा आई दिसेल त्याला माझं मनगट उलटं करून टाक्यांची खूण दाखवायची. पुढे लग्नासाठी बघायला आलेल्या मंडळींसमोरही तिनं तेच केलं, चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधी.

आणि तरी माझ्या हातावर जे उपचार होऊ शकले, त्याच्या मागे त्याच रोगाच्या माणसांचे हात आहेत. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूची कंडरा सोडवून मेलेल्या स्नायूच्या कामाला लावायची, अशी ती पद्धत. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्यात हयात घालवली. ज्यांच्या हातून कुणी पाणी घेत नव्हतं, त्यांच्या हातांवर ही विद्या घडली. नळावरच्या बायकांना हे सांगायची माझी फार इच्छा होती. त्यांतली आता कुणीच उरलेली नाही.

शेवटी मला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या सर्जननी आधी काय केलं असेल, तर कोमट पाण्याचं भांडं मागवलं आणि त्यात माझा हात बुडवून ठेवला. बऱ्याच वेळानं काढायला लावला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिघांच्या टोकांना कपडे धुतल्यावर पडतात तशा सुरकुत्या. अनामिका अर्धी सुरकुतलेली, अर्धी गुळगुळीत. करंगळी अगदी तुळतुळीत. पाण्यात बोटं सुरकुततात ती कातडी फुगून, असं आपल्याला वाटतं. पण ते काम नसेचं असतं. नस तुटली की त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत, घामही येत नाही. शेमस ओ’रियान नावाच्या आयरिश सर्जननं १९७३ साली ही चाचणी प्रसिद्ध केली. लहान मुलांना ‘इथे लागतंय का, तिथे लागतंय का’ विचारून नीट उत्तर मिळत नाही, तिथे पाणी खरं सांगतं. मी त्या अर्ध्या सुरकुतलेल्या अनामिकेकडे बघतच राहिले होते. सरहद्द बोटाच्या बरोबर मधून गेली होती. आणि करंगळीची पाठ जागी होती, पोट तेवढं झोपलेलं. पाठीकडे जाणारी फांदी मनगटाच्या बरीच वर मूळ नसेतून फुटते, म्हणून ती काचेतून वाचली होती.

एवढा काळ गेल्यावर नसेची दोन टोकं आखडून एकमेकांपासून लांब जातात. ओढून शिवली तर ताणाखाली जुळत नाहीत. म्हणून मधे तुकडा घालावा लागतो, आणि तो आपल्याच शरीरातून घ्यायचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली असे तुकडे बसवण्याची पद्धत व्हिएन्नाच्या हॅनो मिलेसी यांनी रुळवली होती, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. माझ्या पोटरीतून, घोट्यामागून जाणारी एक नस काढली आणि मनगटात बसवली. त्याची किंमत म्हणून डाव्या पावलाची बाहेरची कड कायमची बधिर झाली. चपलेचा अंगठा तुटला तर कळतो, पण त्या कडेला खडा टोचत असला तर घरी येऊन पाय धुतल्यावर दिसतो. काचेवर पडला होता हात, आणि खूण पायालाही राहिली.

जोडलेली नस विजेच्या तारेसारखी लगेच चालू होत नाही. तुटलेल्या जागेपासून पुढचे सगळे तंतू मरतात, रिकाम्या नळ्या उरतात, आणि वरच्या टोकातून नवे तंतू त्या नळ्यांमधून वाट काढत येतात. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला इंचभर. वाढणारं टोक कुठवर आलं हे बघायचं तर नसेच्या वाटेवर बोटानं हलकेच टिचकी मारत जायचं. जिथे झिणझिण्या उठतील तिथवर ते पोचलंय. फ्रान्सच्या ज्यूल तिनेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या बाबतीत १९१५ साली हे लिहून ठेवलं. पण स्नायू किती थांबणार? नस नसलेला स्नायू सुकत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो ती घेत नाही. माझ्या बाबतीत स्पर्श बराच परत आला. ताकद थोडी आली आणि थांबली.

परत आलेला स्पर्श कसा असतो, हे सांगणं मात्र अवघड आहे. लंडनचे मज्जासंस्थातज्ज्ञ हेन्री हेड यांना रुग्णांच्या सांगण्यावर समाधान नव्हतं. म्हणून २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या दोन नसा मुद्दाम कापून घेतल्या, शिवून घेतल्या, आणि पुढची चार वर्षं सुटीत केंब्रिजला जाऊन मित्र रिव्हर्स यांच्याकडून तो हात तपासून घेतला. रिव्हर्स टोचायचे, केसाळ कुंचल्यानं स्पर्श करायचे, गरम-गार नळ्या लावायचे, आणि हेड डोळे मिटून सांगायचे. आधी परत आली ती ढोबळ जाणीव. टोचलं की नको इतकं दुखायचं, दुखणं भलतीकडे पसरायचं, पण कुठे टोचलं ते सांगता यायचं नाही. मऊ, बारीक, नेमका स्पर्श फार उशिरा आला. या निरीक्षणांवर त्यांनी उभारलेल्या सिद्धांतावर पुढे आक्षेप आले. पण निरीक्षणं मी वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण आई वेणी घालताना तिचा पदर करंगळीला लागला की मी किंचाळायचे, आणि घरात कुणालाही ते खरं वाटायचं नाही. पदरानं कसं दुखेल? दुखायचं.

शिवाय तंतू नेहमी आपल्याच जुन्या नळीत शिरतात असंही नाही. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा अदलाबदल व्हाव्यात तसं होतं. अनामिकेला हात लावला की करंगळीला लागल्यासारखं वाटायचं. मेंदूला नवा नकाशा शिकावा लागतो. लहान वयात तो लवकर शिकतो, एवढं एक माझ्या पदरात पडलं.

बँकेत मी कॅशला बसले तेव्हा हा हात खऱ्या अर्थानं कामाला लागला. नोटा मशीननं मोजायच्या आधीचा काळ. डाव्या हातात गड्डी दुमडून धरायची आणि उजव्या अंगठ्यानं एकेक नोट ओढायची. अंगठा तर्जनीवर सपाट दाबायची ताकद माझ्यात नाही. सर्वसाधारण माणूस कागद चिमटीत धरतो तेव्हा अंगठा सरळ असतो. माझा पेराशी काटकोनात वाकतो, कारण ते काम शेजारच्या नसेवर चालणारा दुसराच स्नायू करतो. डॉक्टर याच खुणेवरून अल्नर नस ओळखतात. मी त्याच वाकड्या अंगठ्याच्या टोकानं नोटा ओढायला शिकले आणि वेग चांगला आला, इतका की नव्या मुली विचारायच्या, मॅडम, ही कुठली पद्धत? संध्याकाळी मात्र कोपरापर्यंत हात ठणकायचा. बंडलं तेव्हा स्टेपल केलेली असायची. पिना उचकटताना एखादी करंगळीत शिरायची आणि मला कळायचं ते नोटेवर लाल ठिपका दिसल्यावर. पुढे मशीन आलं, पिनाही गेल्या. माझ्याइतका आनंद त्या शाखेत कुणालाच झाला नसेल.

एसी आला तेव्हा मात्र हात बंड करून उठला. गारव्यात करंगळी आधी पांढरी पडते, मग निळसर, आणि आतून कुणीतरी पिळतंय असं दुखतं. नस तुटलेल्या पुष्कळांना हे होतं आणि ते वर्षानुवर्षं राहतं. टाके घालणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी हे आधी सांगतं. मी काउंटरवर मे महिन्यात लोकरीचा हातमोजा घालून बसायचे. वरिष्ठांना लेखी द्यावं लागलं होतं.

स्वयंपाकघरातले धोके वेगळे. कढईच्या कडेला करंगळी टेकून राहते आणि वास आल्यावर कळतं. फोड रात्री दिसतात. त्यामुळे पाणी किती गरम आहे हे मी डाव्या हातानं बघते, आणि भाकरी थापताना करंगळी वर उचललेली असते, तव्यापासून लांब. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि तव्याचं काम स्वतःकडे घेतलं. लग्नाचा चुडा भरताना कासारीण माझा हात दाबून म्हणाली होती, ‘पोरी, इथं मांसच नाही गं.’ काचेच्याच बांगड्या त्या. मनगटावरच्या वणाशी त्या किणकिणायच्या तेव्हा पहिले काही दिवस माझा जीव घशाशी यायचा. चाळीतल्या एका काकूंना मी पाहिलं होतं. बांगड्यांसकट हातावर पडल्या होत्या, आणि कितीतरी वर्षांनी मनगटातली गाठ फोडली तर आतून हिरव्या काचेची बारीक चीप निघाली. काच शरीरात कुजत नाही, विरघळत नाही. शरीर तिच्याभोवती आवरण घालून तिला तसंच सांभाळतं. काच एक्स-रेत दिसत नाही असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. अगदी कणाएवढी नसेल तर ती बहुतेक वेळा दिसते, पण तो एक्स-रे कुणीतरी काढायला हवा.

वणाबद्दलही एक सांगायचं आहे. वण म्हणजे संपलेलं काम नव्हे. पहिलं वर्षभर तर तो आतून सतत बदलत असतो, आणि कितीही जुना झाला तरी मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांहून जास्त मजबूत होत नाही. १७४० साली इंग्रज नौदलाचा जॉर्ज अ‍ॅन्सन जगप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या जहाजावर स्कर्व्हीची साथ पसरली. जहाजावरच्या एका म्हाताऱ्या सैनिकाला १६९०च्या बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. वण टिकवायला शरीर आयुष्यभर राबत असतं आणि त्यासाठी त्याला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. जहाजावर ते संपलं होतं.

आई रात्री खोबरेल तेलानं माझा वण चोळायची, बोटं एकेक करून सरळ करायची. हे तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं आणि त्यात तिनं एकही रात्र चुकवली नाही. पण तिच्यावर जे झालं त्यावर कुणी तेल लावलं नाही. घरातले काचेचे पेले तिनं बोहारणीला देऊन टाकले. पाहुण्यांना सरबत स्टीलच्या भांड्यातून. लोणच्याच्या बरण्या प्लॅस्टिकच्या. एके दिवशी शाळेतून आले तर देव्हाऱ्याच्या वरच्या तसबिरींच्या काचा काढलेल्या होत्या. देवांवर धूळ बसायला लागली, आणि ती रोज फडक्यानं हलक्या हातानं पुसायची. कुठेही काही फुटल्याचा आवाज आला की आधी तिचे डोळे माझ्या हाताकडे जायचे. ‘मीच पाठवलं तुला दुधाला,’ हे वाक्य तिनं अगदी शेवटच्या आजारपणातही म्हटलं. मी तिला शंभरदा सांगितलं की चाळीतल्या सगळ्याच मुली दुधाला जायच्या. तिला ते पटलं नाही. अपघाताच्या केसपेपरवर एकाच माणसाचं नाव असतं, हे मला फार अपुरं वाटतं.

आता काच पूर्वीपेक्षा जास्त आहे घरांत. बाल्कनीची सरकती दारं, बाथरूमचे पडदे, जिन्याचे कठडे, टीपॉय. साधी काच फुटते ती भाल्यासारख्या लांब सुळक्यांत. टफन्ड काच फुटली तर तिचे बोथट दाणे होतात, लॅमिनेटेड काचेचे तुकडे आतल्या पापुद्र्याला चिकटून राहतात. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात सहसा बारीक छाप असतो. नसेल तर दुकानदाराला विचारावं, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर तिथे लाकूड बसवावं.

आमच्या सोसायटीतला दहावीतला मुलगा पावसाळ्यात अशाच एका साध्या काचेच्या टीपॉयवर पडला. त्याची आई मला हाक मारायला आली तेव्हा घरात कुणीतरी हळद घेऊन धावत होतं. हळद नको म्हटलं, धुतलेला पंचा तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरला, हात वर, आणि आत अडकलेला तुकडा तसाच ठेवून निघालो. ओढून काढला तर रक्ताचा भडका उडू शकतो. आपत्कालीन कक्षातला डॉक्टर अगदी तरुण होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानं बधिर करायचं इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि मुलाला म्हणाला, ‘आधी बोटं पसर. आता या बोटावर ते बोट चढव. अंगठा आणि तर्जनीचा गोल कर. डोळे मीट, सांग कुठे लागतंय.’ भूल दिल्यावर स्पर्श तपासून काही उपयोग नसतो, म्हणून आधी. तर्जनीचं टोक मुलाला कळलं नाही. तो डॉक्टर शिवायला बसलाच नाही, त्यानं थेट हाताच्या सर्जनना फोन लावला. मला तिथेच भिंतीला टेकून रडू आलं. मुलाच्या आईला वाटलं, काही फार वाईट झालंय.

नस ताजी होती, सरळ जोडता आली. आता तो रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो. डोळे बांधून तांदूळ, हरभरे, साबुदाणा असलेल्या वाट्यांत बोट घालून ओळखायचं, हा व्यायाम त्याला थेरपिस्टनी दिलाय. तांदूळ आणि साबुदाण्यात अजून चुकतो आणि चिडतो. त्याच्या आईनं त्याच्या पंजाची बाह्यरेषा कागदावर काढून फ्रिजवर लावली आहे आणि दर रविवारी टिचकी मारून झिणझिण्या जिथवर जातात तिथे तारीख घालते. परवाची तारीख तळहाताच्या मध्याच्या थोडी पुढे आहे. बोटाच्या टोकापर्यंत मार्चच्या परीक्षेआधी काही पोचत नाही, हे कागदावर साधी पट्टी ठेवूनही कळतं. शाळेत विचारलं तर म्हणाले, लेखनिक मिळतो, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मंडळाकडे अर्ज करा. त्याचा बाप नको म्हणत होता, मुलगा हाताला अपंग आहे असं कागदावर येईल म्हणून. मी त्याला माझा हात दाखवला, कॅशच्या काउंटरवर काढलेली सगळी वर्षं सांगितली, आणि अर्ज लिहायला बसले. काल तो शाळेत दिला.